अंडं राहू द्या, लेंडी बघा

(वरोरा तालुक्यातल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयाने हौशी जीवाश्म संग्राहकांचा मेळावा भरवला होता. त्यात झालेलं हे भाषण, थोडी काटछाट करून.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी, आणि मागच्या खोलीतल्या टेबलांपासून मोठ्या मुश्किलीने उठवून इथे आणून बसवलेल्या मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आपल्या भागातले जीवाश्म: ओळख आणि जतन’. विषय मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण ओळख आणि जतनाकडे वळण्याआधी एक गोष्ट बोलून टाकतो, नाहीतर पुढचं काही सुचायचं नाही. ती अशी, की आपल्या भागातल्या जीवाश्मांत सगळ्यात मोलाची वस्तू हाड नाही. अंडं तर नाहीच नाही. सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे लेंडी.

हसा, हसा. मागच्या रांगेतली पोरं हसणार हे धरूनच आलो होतो. पुढच्या रांगेतले हसतील असं वाटलं नव्हतं.

मी कृषी सहायक होतो हे इथे बहुतेकांना माहीत आहे. नोकरीभर लोकांच्या वावरातून फिरलो. बोंडअळी बघायला जायचं आणि येताना खिशात गोटे घेऊन यायचं. घरी धुवायला टाकलेल्या पॅन्टच्या खिशातून काय काय निघालं, याचा हिशेब आमच्या घरी वेगळा ठेवलेला आहे आणि तो मला अधूनमधून वाचून दाखवला जातो. सांगायचं ते हे, की गोटे जमवणाऱ्या माणसाची कीर्ती पंचक्रोशीत पसरायला वेळ लागत नाही, आणि एकदा ती पसरली की अंड्यांचे फोन सुरू होतात.

असाच एका संध्याकाळी फोन आला. “साहेब, वावरात अंडं निंगालं जी. डायनासोरचं.” मी विचारलं, केवढं आहे? “मोठं हाय जी, टोपल्यात नाही मावत.” तिथेच मला कळायला पाहिजे होतं असं तुम्ही म्हणाल. कळलं होतंच. पण फोन करणारा ओळखीचा, शिवाय त्याच्या घरच्या तुरीच्या डाळीचं वरण फार चांगलं असतं, म्हणून गाडीला किक मारली.

पोचलो तोवर अंड्याला हळद-कुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता, आणि एक वार्ताहर फोटो काढून मोकळा झाला होता. मी गोटा पाहिला. काळा पत्थर, म्हणजे थिजलेला लाव्हा, गोल गरगरीत, वरून थराथराने सालं सुटलेली. आता हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ज्यांना फोन येतात त्यांनी पाठच करून ठेवा. आपल्या काळ्या पत्थराला आधी आडव्या-उभ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात आणि आतला भाग गोल होत जातो. विहीर खणताना, रस्ता कापताना असे गोटे ट्रॅक्टरभर निघतात. खरं अंडं एवढं मोठं नसतंच. टायटॅनोसॉर हा अवाढव्य डायनासोर, पण त्याचं अंडं साधारण पंधरा ते वीस सेंटीमीटरचं. त्याला कवच असतं, एक-दोन मिलिमीटर जाडीचं, आणि भिंगातून पाहिलं तर त्यावर बारीक बारीक पुटकुळ्या दिसतात. कवच नाही तर अंडं नाही, संपला विषय. आणि खरी अंडी आपल्याकडे आहेत बरं का. आपल्याच जिल्ह्यात पावन्याला मिळाली आहेत, तिकडे मोर्शीजवळ सालबर्डीला मिळाली आहेत. पण ती शास्त्रज्ञांना लामेटाच्या, म्हणजे डायनासोरच्या काळातल्या थराच्या, चुनखडीत मिळाली, काळ्या पत्थरात नाही.

हे सगळं मी तिथे जमलेल्यांना सांगितलं. लोक ऐकून घेतात, आपल्याकडे माणसं सभ्य आहेत. शेवटी एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, “मंग आता फोडलेल्या नारळाचं काय करावं जी?”

याला भूशास्त्रात उत्तर नाही. प्रसाद वाटला, मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: डायनासोरचं अंडं सापडलं, तज्ज्ञांचाही दुजोरा. तज्ज्ञ म्हणजे मी, आणि दुजोरा म्हणजे मी खाल्लेलं खोबरं.

आता न्याय म्हणून हेही सांगतो, की उलटंही घडतं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या म्हणून गाव आहे. तिथे लोक गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताची राखण करणारा देव. आणि ती खरंच डायनासोरची अंडी असल्याचं शास्त्रज्ञांनी सांगितल्याची बातमी २०२३च्या डिसेंबरात आली. तेव्हापासून माझ्याकडे येणारे फोन दुप्पट झाले आहेत. त्या बातमीने देशाचं काय भलं झालं ते मला माहीत नाही, माझं नुकसान झालं एवढं नक्की.

माझं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. त्या वावरात सगळं गाव त्या गोट्याभोवती उभं होतं, आणि मी गाडी लावली होती तिथे धुऱ्यावर, नव्या विहिरीच्या मलब्यात, गारगोटीचे तुकडे पडले होते. राखाडी, कडेला धारदार. एक उचलला तर त्यात गोगलगाय. शंख पूर्ण, वळणासकट, आतली माती जाऊन सगळी सिलिका भरलेली. दुसरा उचलला, त्यात तीन. कुणी ढुंकून बघत नव्हतं. बघितलं फक्त त्या घरच्या पोरीने, तेव्हा ती सातवीत असेल. आज दुसऱ्या टेबलावर जी गारगोटी मांडली आहे ती तिचीच आहे, आणि माझ्या मते आजच्या मेळाव्यातला तो पहिल्या नंबरचा नमुना आहे. अध्यक्षांचं मत वेगळं असू शकतं, त्यांनी हाड आणलंय.

ती गारगोटी बघताना एक करा. शंखाचं टोक वर धरा आणि तोंड आपल्याकडे करा. बहुतेक गोगलगायींचं तोंड उजव्या हाताला येतं. हिचं डाव्या हाताला येतं. ही फायसा. लाव्हा एकदा वाहून थंड झाला, की पुढचा यायच्या आधी मधल्या काळात तळी साचायची, त्या तळ्यांत ही राहायची. मग पुढचा लाव्हा यायचा आणि तळ्यासकट सगळं झाकून टाकायचा. म्हणून ती दोन थरांच्या मध्ये सापडते, काळ्या पत्थराच्या पोटात कधीच नाही.

नागपूरच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉपने हेच गोळा केलं. हिस्लॉप कॉलेजातले हिस्लॉप, तेच. पेशाने मिशनरी, भूशास्त्राची पदवी वगैरे काही नाही, म्हणजे आपल्यातलेच. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म यांच्यावर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप वाहून गेले. पावसाळ्यात नाल्यात उतरणाऱ्या हौशी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं. मी हे विनोदाने बोलत नाहीये.

आता लेंडी. कॉप्रोलाइट म्हणजे दगड झालेली विष्ठा. बकलंड या भूशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये इंग्लंडात हे ओळखलं, आणि आपल्याच तालुक्यातल्या पिजदुऱ्याच्या लेंड्यांवर मॅटली या भूशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये लिहिलं. पिजदुरा इथून किती लांब आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तिथल्या लाल मातीच्या वावरांतून पाऊस झाला की त्या वर येतात. लांबट, एका टोकाला निमुळत्या, काहींवर वळ्या, काहींवर सुकताना पडलेल्या भेगा, तशाच्या तशा. शेजारच्या डोंगरगावला मोठा डायनासोर सापडला, इसीसॉरस. १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, २००३ मध्ये आजचं नाव पडलं. मणके, बरगड्या, पुढचा पाय, बरंच काही मिळालं, पण डोकं नाही. म्हणजे तो केवढा होता ते कळलं. खात काय होता? ते हाड सांगत नाही, लेंडी सांगते.

वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिजदुऱ्याच्या लेंड्या विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. गवताच्या पात्यात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. बोट कापतं ना गवताने, त्याला तेही एक कारण. पातं कुजतं, कण राहतात, आणि कणाच्या आकारावरून गवताचं कूळ ओळखू येतं. तर त्या लेंड्यांत गवत निघालं! एक नाही, निदान पाच प्रकारचं. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. तोवर पुस्तकांत काय होतं? डायनासोर गेले, मग बऱ्याच काळाने गवत माजलं. ते सगळं या तालुक्यातल्या शेणाने बदलायला लावलं. नंतर २०११ मध्ये आणखी काम झालं, त्यात बंदना सामंत आणि धनंजय मोहबे ही नागपूरकडची नावंही आहेत. त्यात भाताच्या कुळातलं गवत निघालं. इथे सिंदेवाही-मूलकडून आलेली धानवाली मंडळी बसली आहेत. तुमच्या बांधीतल्या पिकाचे नातेवाईक साडेसहा कोटी वर्षांपेक्षाही आधी इथेच उगवत होते आणि कुणीतरी चरत होतं. तेव्हाही चराईचा त्रास होताच, फक्त कोंडवाडा नव्हता.

चिठ्ठी आली आहे. “दहा मिनिटं.” ही चिठ्ठी दुसरी आहे असं त्यावर लिहिलंय, पहिली माझ्यापर्यंत पोचली नाही. जेवण तयार आहे म्हणतात. ठीक आहे, ओळख आणि जतन. धावत जाऊ.

ओळख. तिसऱ्या टेबलावर उमरेडकडच्या मंडळींनी आणलेलं पान आहे, खाणीच्या डम्पमधलं. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाचं. जिभेच्या आकाराचं, मधे ठळक शीर, बाजूच्या शिरांची जाळी. पंचवीस कोटी वर्षांहून जुनं, आपला कोळसा झाला त्या जंगलातलं. त्याच्या शेजारी कुणीतरी दगडावरची काळी झुडपाची नक्षी ठेवली आहे. ती कुणाची आहे मला माहीत नाही आणि विचारणार नाही, पण ते झाड नव्हे. भेगेत झिरपलेलं मँगनीज आहे. मधली शीर नाही, देठ नाही, फांद्या कुठूनही कुठेही फुटतात. चौथ्या टेबलावर वर्धेकडचं लाकूड आहे, नवरगावच्या बाजूचं. आडव्या छेदात वर्षाची कडी दिसत नाहीत, नुसते ठिपके आहेत. म्हणजे ताडाच्या कुळातलं. शिंदीचं खोड तोडलंय ज्यांनी, त्यांना लगेच पटेल. हाडाला आतून बारीक छिद्रं असतात, ओल्या जिभेला ते किंचित चिकटतं, गोटा चिकटत नाही. लेंडीला जीभ लावायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

जतन. यावर अर्धा तास बोलणार होतो. वस्तू उचलायच्या आधी जागेवरच फोटो, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून. मग चिठ्ठी: गाव, शिवार, गट नंबर, तारीख, कोणत्या थरात किंवा कशाच्या मलब्यात, मोबाइलमधलं लोकेशन. हा त्या दगडाचा सातबारा. तो नसेल तर नमुना कितीही देखणा असो, अभ्यासाला त्याचा उपयोग नाही. पिजदुऱ्याची लेंडी पिजदुऱ्याची आहे हे माहीत होतं म्हणून ते गवताचं संशोधन झालं. चिठ्ठी वस्तूला चिकटवायची नाही, दोन्ही एकाच पिशवीत, आणि वस्तूवर छोटा नंबर. तेल नाही, वॉर्निश नाही, शेंदूर तर नाहीच. ॲसिडने धुवायचं नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी, तेही लेंडीला जपून.

सुटं पडलेलं उचला, शेतमालकाला विचारून. जमिनीत रुतलेलं हाड दिसलं, किंवा एका जागी चार हाडं दिसली, तर खणायचं नाही. माती परत लोटा, फोटो काढा, आणि नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. वार्ताहराला नंतर. विकत घेऊ नका, विकू नका. २०२२च्या डिसेंबरात भू-वारसा स्थळांच्या कायद्याचा मसुदा लोकांसमोर आला होता. त्यावर आपल्यासारख्यांनी काय म्हणायला हवं, हा माझा तिसरा मुद्दा होता. तो पुढच्या वर्षी, बोलावलंत तर.

अध्यक्षांच्या हाडाबद्दल राहिलंच. चांगलं आहे. कासवाच्या पाठीचा तुकडा वाटतो मला, डायनासोर नाही. सर, आपण जेवताना बोलू.

आणि एक विनंती, दुसऱ्या टेबलावर कुणीतरी चहाचा कप ठेवलाय, तेवढा उचला.