सोंडेखालचं गाव

(दृश्य : बामणोली, सकाळ. पाण्यावर धुकं. काठाला बांधलेल्या लाँच.)

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली उतरलं की बामणोली. रस्ता इथं पाण्यापाशी संपतो. पुढचा प्रवास लाँचनं.

डिसेंबरचा महिना. डिझेलचा धूर धुक्यात मिसळतोय. माझी आजी मधल्या फळीवर बसलीय, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, मांडीवर भाकरीचं गाठोडं. आम्ही दक्षिणेकडे निघालोय, जिथं शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, काठ निर्मनुष्य होत जातो.

महाबळेश्वरात उगम पावलेली कोयना अशीच दक्षिणेला वाहत यायची, हेळवाकपाशी पूर्वेला वळायची आणि कराडला कृष्णेला भेटायची. १९६४ साली १०३ मीटर उंचीचं धरण पूर्ण झालं आणि खोऱ्यात सुमारे ५० किलोमीटर लांब पाणी साचलं. त्यातलं बरंचसं आता सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे कोसळतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. महाराष्ट्राच्या घराघरांत दिवे लागले ते या पाण्यावर.

(दृश्य : काठावरची तांबड्या मातीची पट्टी, वर गर्द झाडी.)

पाणी जरासं उतरलंय. काठावर तांबड्या मातीच्या पायऱ्या पडल्यात, त्यावर सांबराच्या खुरांचे ओले ठसे. १९८५ पासून हे अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. समोर वासोटा. गडावर जाणाऱ्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या मेट इंदवलीच्या चौकीवर मोजून घेतात, आणि ते अगदी योग्य आहे. आम्हाला मात्र गड चढायचा नाही.

आजी मघापासून डोंगर न्याहाळतेय. पाण्याकडे तिचं लक्षच नाही. एकाएकी तिनं हात वर केला.

"बाबा, जरा हितं हळू घे."

नावाड्यानं इंजिन बंद केलं.

"ती सोंड दिसती न्हवं? तिच्या बरोबर खाली आमचं घर. हितनं नदीवर पाण्याला जायचं म्हणजे भाकरी थापून होईस्तोवरचा हेलपाटा. आता घरावरच पाणी."

गाव उठलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. भावकीतले काही सोलापूर जिल्ह्यात गेले, काही रायगडात. नदीकाठी भात पिकवणारी माणसं कोरड्या माळावर नव्यानं शेती शिकली. साठ वर्षं उलटली, तरी कितीतरी कुटुंबं अजून हक्काच्या जमिनीसाठी कागद घेऊन हेलपाटे घालतायत. या पाण्याचं सौंदर्य मला कॅमेऱ्यात धरायचं होतं. आजी बोलल्यावर कॅमेरा बराच वेळ त्या सोंडेवरच थांबला.

आजीनं भाकरी सोडली, पहिला तुकडा पाण्यात टाकला. दुसरा नावाड्याच्या हातावर ठेवला.

"पानी कवा उतरतं रं?"

"मे महिन्यात, आजी. पाऊस लांबला तर देवळाचा चौथरापण उघडा पडतो."

"मग मे महिन्यात येते. जागा धर माझी."

(दृश्य : इंजिन सुरू होतं. लाँच वळते. सोंड धुक्यात.)