पंप पाणी ओढत नाही

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला की आपल्या कोकणात विहिरीच्या काठावर एक दृश्य हमखास दिसतं. एक जण कळशीने पंपात पाणी ओततोय आणि दुसरा फुटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेच्या, नावाने बोटं मोडतोय. झडपेत सुपारीचा पाचोळा अडकला, पाइपातलं पाणी उतरलं, पंपाने हवा धरली. मोटर नुसतीच गरगरते.

कारण साधं आहे. हवा पाण्यापेक्षा सुमारे 800 पट हलकी. पंपातला पंखा पाणी जोरात भिरकावतो, हवेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

यावर उपाय म्हणजे सेल्फ प्रायमिंग पंप, पाइपातली हवा स्वतःच काढणारा. त्याचं पोट मोठं असतं आणि पाणी आत यायचं तोंड पंख्याच्या वर. त्यामुळे पंप बंद केला तरी पोटात थोडं पाणी उरतंच. बटण दाबलं की ते पाणी पाइपातल्या हवेत घुसळलं जातं, ताकासारखा फेस होतो. वरच्या कप्प्यात हवा सुटून बाहेर जाते, जड पाणी पुन्हा पंख्याकडे उतरतं आणि आणखी हवा घेऊन येतं. असं मिनिट-दोन मिनिटं चाललं की पाणी चढतं. म्हणून सुरू करताना वरचा कॉक उघडा ठेवा, नाहीतर हवा जाणार कुठून? पहिल्या वेळी पोट भरावं मात्र लागतंच. दुकानदार हे सांगायला विसरतात.

आता खरी गोष्ट. पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातली हवा काढतो. पाणी वर ढकलतं ते आपल्या डोक्यावरच्या हवेचं ओझं. टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने 1644 मध्येच लिहून ठेवलंय, आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. हे ओझं किनाऱ्यावर फार तर 10.3 मीटर पाणी तोलतं, महाबळेश्वरला त्याहून दीडेक मीटर कमी. प्रत्यक्षात 6-7 मीटर, म्हणजे वीसेक फूट धरा. जमिनीतली टाकी, नारळी-पोफळीची वाडी, पुरानंतर तळघरातलं पाणी, इथे हा पंप उत्तम. बोअरला नको, तिथे पाण्यात बुडवून ठेवायचा सबमर्सिबलच.

मे महिन्यात विहीर खोल जाते, तेव्हा पंप आतल्या टप्प्यावर उतरवा. फक्त मिरगाआधी वर काढा. मी एका वर्षी आज-उद्या करत राहिलो, आणि मोटर दिवाळीपर्यंत पाण्याखाली होती.