ड्रमवरचा एच ३६० एफडी

(सुरक्षा सप्ताहानिमित्त सातपूर इथे कामगार आणि सुपरवायझर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अंबडमधल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपवरचा एक मुलगा मागे माझ्याकडे आरोग्य तपासणीला आला होता. दिवाळीनंतर त्याचं लग्न होतं. तपासणी झाली, बाकीचे निघून गेले, हा मात्र दारापाशी घुटमळत राहिला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, माझं थिनरचं काम आहे. पुढे मूलबाळ व्हायला काही अडचण येते का?" सुपरवायझरला त्यानं आधी विचारलं होतं. "अरे, ते बायकांचं असतं," एवढंच उत्तर मिळालं होतं.

मी त्याचे हात पाहिले. नखांच्या कडेची कातडी पांढरी पडून भेगाळली होती. शिफ्ट सुटली की हातावरचा रंग काढायला तो थिनरमध्येच चिंधी बुडवायचा. सगळेच तसं करायचे.

त्या थिनरचा एमएसडीएस, म्हणजे रसायनाची सुरक्षा माहिती देणारा कागद, मागवला. या कागदाचे सोळा भाग असतात. कंटाळा आला तरी भाग दोन सोडू नका, कारण धोक्याचं वर्गीकरण तिथे लिहिलेलं असतं. तिथे धोक्याच्या संकेताची एक ओळ होती: एच ३६० एफडी. कारण घटकांमध्ये सेलोसॉल्व्ह ॲसिटेट नावाचं द्रावक होतं. 'एफ' म्हणजे फर्टिलिटी, स्त्रीची तशीच पुरुषाचीही प्रजननक्षमता. 'डी' म्हणजे डेव्हलपमेंट, पोटातल्या बाळाची वाढ. 'ते बायकांचं असतं' हे उत्तर त्या एका अक्षरानं खोटं ठरवलं होतं.

हे द्रावक अंगात गेलं की दारू पचवणारं जे एन्झाइम आपल्या यकृतात असतं, तेच त्याच्यावर काम करतं आणि त्यातून इथॉक्सिॲसेटिक आम्ल तयार होतं. वृषणात शुक्राणू घडवणाऱ्या पेशींना ते मारतं. ते लघवीवाटे सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे सोमवारचं थोडं मंगळवारी शिल्लक असतं, त्यात मंगळवारची भर पडते, असं करत आठवडाभर साठत जातं. आणि आत शिरायला नाकच लागतं असं नाही, कातडी पुरते.

आता त्या ओळीतल्या आकड्याकडे येऊ. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली रसायनांच्या वर्गीकरणाची एक जागतिक पद्धत प्रसिद्ध केली, जीएचएस. तिच्यात प्रजननाच्या धोक्याचे वर्ग आहेत १ए, १बी आणि २. आईच्या दुधातून बाळाला होणाऱ्या अपायासाठी आणखी एक वेगळा वर्ग आहे. १ए म्हणजे माणसात सिद्ध झालेलं. १बी म्हणजे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून माणसातही होईल असं धरलेलं. या दोघांना एच ३६० आणि लेबलवर 'डेंजर'. २ म्हणजे संशयित, त्याला एच ३६१ आणि 'वॉर्निंग'.

इथे बहुतेकांची गफलत होते. चांगले शिकलेले इंजिनिअरसुद्धा मला म्हणाले आहेत की वर्ग २ म्हणजे सौम्य. हे आकडे इजा किती मोठी ते सांगत नाहीत, पुरावा किती पक्का ते सांगतात. वर्ग २ मधल्या पदार्थानं होणारं व्यंग १ए मधल्यापेक्षा लहान असेल, असं कुठेही म्हटलेलं नाही.

मग एखादा पदार्थ १ए मध्ये जातो कसा? दक्षिण कोरियातली गोष्ट सांगतो. ओझोनला मारक म्हणून सीएफसी ही सफाईची रसायनं वापरणं बंद करायचं होतं. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जोडणाऱ्या एका कारखान्यानं सफाईच्या टाकीत त्याऐवजी २-ब्रोमोप्रोपेन घातलं. टाकीवर बहुतेक तरुण मुली होत्या. १९९५ मध्ये लक्षात आलं की त्यांची पाळी थांबली आहे. तपासलेल्या पंचवीस बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचे बीजांडकोश निकामी झाले होते, आणि आठ पुरुषांपैकी सहा जणांच्या वीर्यात शुक्राणू कमी होते किंवा नव्हतेच. टाकी भरली तेव्हा त्या द्रावकावर असा कुठलाही शिक्का नव्हता. आज युरोपच्या यादीत ते १ए मध्ये आहे, आणि तो शिक्का या मुलींच्या शरीरांनी मिळवून दिला आहे. म्हणून "माणसात सिद्ध झालंय का?" असं कुणी विचारलं की माझा जीव कासावीस होतो. सिद्ध व्हायची वाट पाहायची म्हणजे आपल्याच शॉपमधल्या माणसांवर प्रयोग करायचा.

१बी ठरवणं हे खरं अवघड काम. गाभण उंदरांना आणि सशांना वेगवेगळ्या मात्रा देतात आणि पिल्लांची वजनं, हाडं, अवयव तपासतात. दोन जाती का? थॅलिडोमाइडनं शिकवलं, गरोदर बायकांनी घेतल्यावर व्यंग असलेली बाळं जन्मली ते औषध. उंदरांत त्याचे परिणाम नीट दिसत नव्हते, सशांत दिसले. आणि वाद कायम एकाच जागी अडतो. जास्त मात्रेनं आईच आजारी पडली, तिचं खाणं सुटलं, आणि पिल्लं हलकी निपजली, तर दोष द्रावकाचा की उपाशी आईचा? उत्पादकाकडचा माणूस म्हणतो आईचा. नियम असा आहे की आई आजारी होती एवढ्या कारणानं पिल्लांवरचा परिणाम आपोआप बाद करता येत नाही. आईची थोडी सुस्ती आणि पिल्लांत व्यंग, अशी जोडी दिसली तर ते व्यंगच धरायचं. मला हा नियम अगदी रास्त वाटतो. कारखान्यातली बाईसुद्धा द्रावकानं थोडी सुस्तावते, डोकं दुखतं, आणि ती तशीच काम करत राहते.

एन-मिथाइल पायरोलिडोन, म्हणजे एनएमपी, असंच १बी मध्ये गेलं, एच ३६० डी. वाइंडिंग वायरच्या काही इनॅमलमध्ये आणि रंग काढायच्या द्रावणांत ते असतं. उकळतं २०२ अंशांना, म्हणून वास फारसा येत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. पण कातडीतून ते सहज आत जातं. साधा लॅटेक्सचा हातमोजा त्याला थोपवत नाही, ब्यूटाइल रबरचा लागतो. लॅटेक्सचा मोजा घालून दिवसभर काम करणाऱ्या बाईला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, हे मला फार लागतं.

थिनरमध्ये असणारं टोल्युइन वर्ग २ मध्ये, एच ३६१ डी. गरोदरपणात नशेसाठी थिनर हुंगणाऱ्या बायकांची मुलं लहान डोक्याची, चेहऱ्यात वेगळेपण असलेली जन्मल्याचं नोंदलेलं आहे. नशेची मात्रा कामाच्या जागेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून तो पुरावा तसाच्या तसा कारखान्याला लावता येत नाही. पण 'संशयित' या शब्दामागे किती काय उभं असतं ते बघा.

वेळेचंही सांगतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. बाळाचे अवयव गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती मज्जानलिका तर २८ व्या दिवसापर्यंत मिटते. तेव्हा बाईला दिवस गेल्याची जेमतेम शंका आलेली असते. "गरोदर असल्याचं कळवा, मग काम बदलून देऊ" हा बोर्ड म्हणून उशिराच लागू होतो.

बायकांना त्या शॉपमधून काढा, हा काहींचा उपाय. अमेरिकेत शिशाच्या बॅटऱ्या करणाऱ्या एका कंपनीनं तेच केलं आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. त्या दाव्यात एक पुरुषही होता. बाप व्हायचं म्हणून रक्तातलं शिसं उतरायला त्यानं रजा मागितली होती, ती नाकारली गेली होती.

तर तो अंबडचा मुलगा. त्याला मी सांगितलं, हात साबणानं धुवायचे, आणि तीन महिने थिनरपासून लांबचं काम मागून घे. मी चिठ्ठी दिली. मग परचेसवाल्यांशी बसलो. सेलोसॉल्व्ह ॲसिटेटऐवजी पीएम ॲसिटेट चालतं, ते शरीरात वेगळ्या वाटेनं मोडतं आणि तसं आम्ल बनत नाही. मात्र त्यात थोडा भाग त्याच्या भावंडाचा, म्हणजे बीटा आयसोमरचा असतो. एक मिथॉक्सी गट दुसऱ्या जागी बसलेला, बाकी सगळं तेच, आणि ते भावंड १बी, एच ३६० डी. युरोपच्या नियमानं असा घटक ०.३ टक्के किंवा त्याहून जास्त असला की अख्ख्या ड्रमला तोच शिक्का लागतो. परचेसच्या बाईंनी माझ्यासमोरच सप्लायरला फोन लावला आणि स्पीकरवर विचारलं, "बीटा आयसोमर किती टक्के?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मॅडम, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. लॅबला विचारून सांगतो." बाईंनी डायरीत तारीख घातली आणि ऑर्डर अडवून ठेवली.