चॅटनूगाचा पूल

अटलांटाहून गाडीने दोनेक तासांवर टेनेसी राज्यातलं चॅटनूगा, म्हणून आपली बरीच मंडळी वीकेंडला तिथं जातात, रूबी फॉल्सचा गुहेतला धबधबा बघतात, लुकआउट माउंटनवर चढणाऱ्या इन्क्लाइन रेल्वेत बसतात (१८९५ सालची आहे, वरच्या टप्प्यात चढ असा उभा की लहान मुलं आईला घट्ट धरून बसतात) आणि संध्याकाळी परत. ते बघाच, पण माझं म्हणणं एवढंच की अर्धा दिवस तरी टेनेसी नदीच्या काठाला द्या, कारण या गावाचा खरा इतिहास तिथं आहे.

मत्स्यालय १९९२ मध्ये सुरू झालं, काचेच्या टोकदार छपरांचं. त्याच्या अगदी बाजूलाच रॉसेस लँडिंग, म्हणजे चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीचे प्रमुख जॉन रॉस यांचा जुना नदीघाट. १८३८ मध्ये सरकारने चेरोकींना घरादारातून उठवून पश्चिमेला हाकललं, तेव्हा हजारो लोकांना याच घाटावर गोळा केलं होतं. आज तिथं पायऱ्यांवरून पाणी वाहतं, भिंतीवर चेरोकी कलाकारांनी केलेल्या मातीच्या सात मोठ्या चकत्या आहेत, उन्हाळ्यात पोरं त्या पाण्यात खेळतात. खेळू द्या, पण चकत्यांपाशी दोन मिनिटं थांबा.

आता वॉलनट स्ट्रीट ब्रिज. १८९१ चा पूल, २,३७६ फूट लांब, १९७८ मध्ये गाड्यांसाठी बंद केला, पाडायची चर्चा सुरू होती पण लोकांनी वाचवला आणि १९९३ पासून तो फक्त चालणाऱ्यांचा झाला. संध्याकाळी लाकडी फळ्यांवर अख्खं गाव फिरायला येतं.

याच पुलावर १९ मार्च १९०६ ला एड जॉन्सन या काळ्या तरुणाला जमावाने फाशी दिली. एका गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप, खटला घाईघाईत उरकून फाशीची शिक्षा, नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन काळ्या वकिलांनी जिवावर उदार होऊन थेट सुप्रीम कोर्ट गाठलं, कोर्टाने फाशीला स्थगिती दिली, आणि तरी त्याच रात्री जमाव तुरुंगात घुसला, शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, अडवलं नाही. सुप्रीम कोर्टाने मग शेरीफ शिप आणि आणखी पाच जणांना कोर्टाच्या अवमानाबद्दल १९०९ मध्ये दोषी ठरवलं. त्या कोर्टाने स्वतः चालवलेला असा फौजदारी खटला इतिहासात हा एकच. शिक्षा मात्र जास्तीत जास्त ९० दिवस! वकिलांना तर गाव सोडावं लागलं. जॉन्सनची शिक्षा रद्द व्हायला २००० साल उजाडलं, आणि स्मारक व्हायला २०२१.

ते स्मारक पुलाच्या दक्षिण टोकाला आहे. दोन्ही वकिलांचे पुतळे आहेत, आणि जॉन्सन फासाकडे पाठ करून चालत निघालाय. मला ही मांडणी फार आवडते, त्याला मेलेला दाखवलं नाही. त्यामुळे गाडी दक्षिणेकडेच लावा, आधी तिथलं सगळं नीट वाचा, मुलांना समजेल तेवढं सांगा, आणि मग चालत पलीकडे जा, तिथं कूलिज पार्कमध्ये जुना लाकडी प्राण्यांचा कॅरोसेल (मेरी-गो-राउंड) आहे.