शनिवार, २७ ऑक्टोबर

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष परराष्ट्र व्यवहारात चांगला होता की वाईट, हे ठरवायचं कसं? आजचा विषय हा. तिकडे इतिहासकार आपल्या अध्यक्षांना चक्क गुण देतात. सी-स्पॅन ही वाहिनी २००० सालापासून अशी पाहणी करते. दहा विषय असतात, त्यातला एक परराष्ट्र संबंधांचा. पण गुण देणारा कुठे बसलाय, यावर बरंच अवलंबून असतं. लिंडन जॉन्सन यांचंच बघा. १९६५ आणि ६६ मध्ये आपल्याकडे पाऊस रुसला, तेव्हा अमेरिकेचा गहू जहाजांनी भरभरून आला. रेशनवरचा तो लाल गहू ज्यांनी दळून आणलाय, त्यांना त्याच्या पोळ्या कशा व्हायच्या ते मी सांगायला नको. त्या गव्हाने माणसं जगली. पण व्हिएतनाम युद्धावर भारताने टीका केली म्हणून जॉन्सन मुद्दाम हात आखडता घ्यायचे. पुढचं जहाज सोडायचं की नाही, हे स्वतः बघायचे. आता या माणसाला गुण किती द्यायचे? अमेरिकेतला प्राध्यापक एक आकडा लिहील, रेशनच्या रांगेत उभी राहिलेली बाई दुसरा.

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. ती नीट ऐका, कारण पुढे पुन्हा येणार आहे. भांडण विकोपाला गेलं असताना या माणसाने समोरच्याला मागे फिरायला वाट ठेवली का? वाट ठेवली का, एवढंच मी बघतो.

आणि ही कसोटी मला ज्या दिवसाने शिकवली, तो दिवस आज तुम्हाला सांगायचाय. शनिवार, २७ ऑक्टोबर १९६२.

अध्यक्ष होते जॉन केनेडी, वय वर्षं ४५. त्याआधीच्या वर्षी, १९६१ च्या एप्रिलमध्ये, त्यांचे हात चांगलेच पोळले होते. कॅस्ट्रोची राजवट उलथवायला अमेरिकेने सुमारे १४०० क्यूबन निर्वासित शस्त्रं देऊन क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरवले. तीन दिवसांत सगळं संपलं, बहुतेक जण पकडले गेले. अनुभवी सेनानी आणि गुप्तहेर खातं छातीठोकपणे म्हणाले होते की जमेल, आणि केनेडींनी मान डोलावली होती. हे लक्षात ठेवा.

दीड वर्षानंतर त्याच क्यूबात रशियाने गुपचूप अण्वस्त्रं आणली. फ्लोरिडापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. यू-२ विमानाने उंचावरून काढलेले फोटो १६ ऑक्टोबरला सकाळी केनेडींसमोर ठेवले गेले. सेनाप्रमुखांचं म्हणणं एकच: हल्ला करा, आत्ताच करा. हवाई दलाचे जनरल लमे तर तोंडावर म्हणाले की नुसती नाकेबंदी म्हणजे हिटलरपुढे नमतं घेण्याइतकंच वाईट. केनेडींनी ऐकून घेतलं आणि नाकेबंदीच केली. म्हणजे रशियन जहाजं अडवायची, पण गोळी आपण आधी झाडायची नाही.

शुक्रवारी, २६ तारखेला, रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांचं लांबलचक पत्र आलं. त्यात त्यांनी एका दोरीची गोष्ट लिहिली होती. युद्धाची गाठ मारलेली दोरी तुम्ही तिकडून ओढाल, आम्ही इकडून ओढू, तर निरगाठ बसेल, मग ती बांधणाऱ्यालाही सुटायची नाही, कापावीच लागेल. पत्राचा मथितार्थ असा: क्यूबावर हल्ला करणार नाही असा शब्द द्या, आम्ही अस्त्रं नेतो.

शनिवारी सकाळी दुसरं पत्र आलं, तेही मॉस्को रेडिओवरून, साऱ्या जगाला ऐकवून. सूर पार बदललेला. आता मागणी अशी की तुर्कस्तानात आमच्या उंबऱ्याशी तुम्ही जी ज्युपिटर क्षेपणास्त्रं ठेवलीत, ती आधी हलवा. १५ होती ती. एक पत्र मवाळ, एक पत्र कडक. उत्तर कोणत्या पत्राला द्यायचं?

त्यातच दुपारी बातमी आली. क्यूबावर फोटो घ्यायला गेलेलं यू-२ विमान पाडलं, वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार. असं झालं तर ज्या तळावरून मारा झाला तो उडवायचा, हे आधीच ठरलेलं होतं. बैठकीच्या खोलीत सगळ्यांच्या नजरा केनेडींकडे. केनेडी म्हणाले, थांबा. आज नाही.

श्रोतेहो, त्या खोलीत लेवेलिन थॉम्पसन नावाचे गृहस्थ होते. मॉस्कोत राजदूत होते ते. रशियन भाषा येणारे. ख्रुश्चेव्ह यांच्या घरी पत्नीसह मुक्काम केलेले. बाकीचे रशियाबद्दल बोलत होते, हे एका ओळखीच्या माणसाबद्दल बोलत होते. ते केनेडींना म्हणाले की त्या माणसाला घरी जाऊन एवढंच सांगता आलं पाहिजे की मी क्यूबा वाचवला, हल्ला टाळला. तेवढं त्याला मिळू द्या. (माझं जुनं मत आहे, आज संधी मिळालीय तर बोलून टाकतो. आपल्या मुलांनी जर्मन, फ्रेंच जरूर शिकावं, पण चिनी, नेपाळी, सिंहली, बंगालीही शिकावं. शेजाऱ्याशी वाद झाला तर त्याच्या घरात वावरलेला माणूस आपल्याकडे असावा.)

केनेडींनी उत्तर दिलं ते पहिल्या पत्राला, मवाळ पत्राला. दुसऱ्या पत्राचं काय? संध्याकाळी त्यांनी धाकटे बंधू रॉबर्ट यांना रशियन राजदूत दोब्रिनिन यांच्याशी बोलायला पाठवलं. निरोप असा की तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं चारपाच महिन्यांत निघतील, पण याची कुठे वाच्यता करायची नाही.

आता मला फार आवडणारा भाग. तेव्हा वॉशिंग्टनहून मॉस्कोला निरोप जायचा कसा? दोब्रिनिन यांनी पुढे लिहून ठेवलंय. वकिलातीत मजकूर सांकेतिक आकड्यांत उतरवायचे, मग तारकचेरीला फोन करायचे, आणि तिथला एक पोरगा सायकलवरून यायचा. तार घेऊन जायचा. वकिलातीतले लोक देवाचा धावा करायचे की हा वाटेत एखाद्या मुलीशी गप्पा मारत थांबू नये! विचार करा. दोन्हीकडे अण्वस्त्रं रोखलेली आणि निरोप चाललाय सायकलवरून.

रविवारी सकाळी ख्रुश्चेव्ह यांनी होकार कळवला तोही मॉस्को रेडिओवरून, कारण तारेला तास न् तास लागले असते. रेडिओपुढे बसणारा माणूस म्हणून मला हे सांगताना भरून येतं. त्या दिवशी जगाला जे ऐकायचं होतं, ते आवाजातूनच पोचलं.

आणि एक गोष्ट केनेडींना त्या शनिवारी माहीतच नव्हती. क्यूबाजवळ समुद्राखाली बी-५९ ही रशियन पाणबुडी होती, तिच्यावर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता. वरून अमेरिकन जहाजं इशाऱ्याचे स्फोट करत होती, आत गरमीने जीव घुसमटत होता, कप्तान टॉर्पेडो सज्ज करायला निघाला होता. वसिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं, पाणबुडी वर आणली. वाट ठेवणारा माणूस तिथेही होता.

त्याच ऑक्टोबरच्या २० तारखेला आपल्या सीमेवर चीन चालून आला होता. दिल्लीतले अमेरिकन राजदूत गालब्रेथ यांना वॉशिंग्टनहून धड सूचनाही मिळत नव्हत्या, कारण तिकडे सगळे क्यूबात गुंतलेले. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपल्याला पाठ आहे. पण ते दोन आठवडे जग दुसरीकडे बघत होतं, हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

आता कसोटी पुन्हा: मागे फिरायला वाट ठेवली का? थोरले जॉर्ज बुश यांनी १९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळली तेव्हा विजयाच्या आरोळ्या ठोकल्या नाहीत, रशियाचे तेव्हाचे नेते गोर्बाचेव्ह यांची अडचण ओळखली. चांगले गुण. कार्टर यांनी १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायलच्या नेत्यांना तेरा दिवस धरून बसवलं आणि दोघांनाही घरी सांगण्यासारखं काहीतरी दिलं. चांगले गुण. निक्सन १९७२ मध्ये चीनला गेले, त्याचं कौतुक होतं. पण त्याच निक्सननी त्याआधीच्या वर्षी पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीकडे पाठ फिरवली. ढाक्यातल्या त्यांच्याच अधिकाऱ्यांनी कळवळून तारा केल्या होत्या. मी ते माफ करू शकत नाही.

केनेडींना मात्र मी पूर्ण गुण देत नाही. एक गुण कापतो, आणि मनापासून वाईट वाटून कापतो. तुर्कस्तानचा सौदा त्यांनी आपल्याच लोकांपासून लपवला. उपाध्यक्ष जॉन्सन यांनासुद्धा सांगितला नाही. अमेरिकेला वाटलं, आपण ताठ उभे राहिलो आणि रशिया वाकला. देवाणघेवाण झाली होती, हे त्या खोलीतले मोजके लोक सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. १९८९ मध्ये केनेडींचे भाषणलेखक सोरेन्सन यांनी हे उघड कबूल केलं. तोवर जॉन्सन अध्यक्ष होऊन गेले होते, आणि ताठ राहिलं की समोरचा वाकतो याच समजुतीवर व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून जास्त अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी माणसं गेली. व्हिएतनामला एवढं एकच कारण नव्हतं, हे खरं. केनेडींनीही तिथे सल्लागार म्हणून हजारो सैनिक पाठवलेच होते. पण वाट ठेवून संकट टळलं, हे जॉन्सनना कळायला हवं होतं. वाट ठेवली, पण ती वाट लोकांना दाखवली नाही.

ठरल्याप्रमाणे १९६३ च्या एप्रिलपर्यंत तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं निघाली. आणि त्या सायकलवाल्या पोरावर पुन्हा भिस्त ठेवायला नको म्हणून वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट तार टाकली. लाल टेलिफोन वगैरे काही नव्हता, टेलिप्रिंटर होता. ३० ऑगस्ट १९६३ ला त्यावरून पहिला निरोप गेला. सगळी अक्षरं आणि आकडे नीट उमटतात का ते बघायला टंकलेखनाच्या वर्गात मुलं जे इंग्रजी वाक्य बडवतात, तेच वाक्य: चपळ तपकिरी कोल्ह्याने आळशी कुत्र्याच्या पाठीवरून उडी मारली.

मॉस्कोत तो कागद हातात घेऊन बसलेल्या मंडळींना त्याचा काही अर्थ लागेना. त्यांनी विचारलं, म्हणजे काय?

नमस्कार.