शेतात सापडलेलं शिसं

श्रोतेहो, नमस्कार. विजेच्या मीटरला तारेत ओवलेलं शिशाचं सील तुम्ही पाहिलेलं आहे. आज त्याच्या पणजोबांविषयी बोलू.

माझी भाची स्कॉटलंडमध्ये डंडीला असते. तिचे शेजारी निवृत्त बसड्रायव्हर. रविवारी मेटल डिटेक्टर घ्यायचा, शेतमालकाला विचारायचं आणि फाइफच्या रानात शिरायचं, हा त्यांचा नाद. मी तिकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. बटाटे काढून झालेल्या शेतात यंत्र वाजलं. आजोबांनी वीतभर उकरलं, तर अंगठ्याच्या नखाएवढी करडी चकती निघाली. वर अक्षरं. आजोबा म्हणाले, ठसा उलटा पडलाय, हा एन बघा! घरी येऊन त्यांनी ती न्हाणीघराच्या आरशासमोर धरली. एन सरळ झाला, पण शेजारचा बी उलटा! आरसा सोडला की बी सरळ, एन उलटा. असं किती वेळ चाललं म्हणता! बाहेर आजीबाई टॉवेल घेऊन ताटकळलेल्या. शेवटी त्यांनीच आमच्या जावयाला हाक मारली. जावई रशियात डॉक्टर झालेला. (आपल्या पोरांना डॉक्टरकीसाठी तिथवर का जावं लागतं, यावर मला एकदा पूर्ण वेळ द्या, मग बघा.) त्याने चकती खिडकीशी नेली आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावलं, "इ... व... आ... न. इवान! मामा, उलटं काही नाही, रशियन आहे हे." आडनाव नांगराने खाल्लेलं. खाली साल, 1828.

आता रशियाचा इवान स्कॉटलंडच्या बटाट्यांत कसा? डंडीच्या गिरण्या तेव्हा रशियातून जवस-अंबाडीसारखा धागा आणत. बंदरावरचा तपासनीस माल पाहून गठ्ठ्याला शिशाचं सील ठोकायचा, त्यावर स्वतःचं नाव. माल खराब निघाला तर कोणाला धरायचं ते ठरलेलं. गिरणीतला कचरा खत म्हणून शेतात जाई, त्याबरोबर सीलंही. पुढे 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धात रशियाचा माल अडला आणि डंडी आपल्या बंगालच्या तागाकडे जोरात वळली. तागाचं पोतं! धान्याला वारा लागायचा त्यात. प्लॅस्टिकच्या गोणीत गहू घामेजतो, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

तर असं शिसं हाती आलं तर घासू नका. पुन्हा सांगतो, घासू नका. ब्रश नाही, चिंच नाही, पितांबरी तर नाहीच. शिसं मऊ, अक्षरं निघून जातात. साध्या पाण्याने माती सोडवा, हात साबणाने धुवा, शिसं विषारी असतं. मग अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरा. समोरून नाही, आडवी. अक्षरं उठून दिसतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जागा लिहून ठेवा. दोरीची भोकं किंवा दोन चकत्या जोडणारी पट्टी दिसली, तर ते मालाचं सील असण्याचा संभव मोठा.

आजोबांनी ते एडिंबराच्या ट्रेझर ट्रोव्ह, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तू पाहणाऱ्या, विभागाला कळवलं, तिथला कायदाच तसा आहे. आपल्याकडेही 1878 चा कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला कळवायचं. आणि यंत्र घेऊन गडावर जायचं नाही. हो, तुम्हालाच म्हणतोय. नमस्कार.