आवक सोपी, जावक अवघड

[दृश्य : लातूर, गंजगोलाई. खाली बियाण्यांचं दुकान, वर घर.]

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्यावरचं हे घर. दुकानात टॅलीसाठी विंडोजचा संगणक, वर मुलीचा लिनक्स लॅपटॉप, घरभर अँड्रॉइड फोन, शिवाय बिलं स्कॅन करून मेलनं धाडणारं जुनं झेरॉक्स मशीन. या सगळ्यांचं ई-मेलचं टपाल सांभाळतो तो जिन्याखालचा जुना डेस्कटॉप, म्हणजे घरचाच मेल सर्व्हर.

[दृश्य : जिन्याखालचा संगणक, शेजारी इन्व्हर्टर.]

त्यावर डेबियन ही लिनक्सची एक आवृत्ती आहे. पोस्टफिक्स नावाचं सॉफ्टवेअर मेल घेतं आणि पाठवतं. डव्हकॉट हे दुसरं सॉफ्टवेअर ती जपून ठेवतं आणि मागेल त्याला आयमॅप या पद्धतीनं, सर्व्हरवर ठेवूनच, दाखवतं. वडिलांनी दुकानात वाचलेली मेल मुलीच्या फोनवरही वाचलेलीच दिसते, कारण मूळ प्रत एकच, सर्व्हरवरची. समोर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी डव्हकॉटला देणंघेणं नाही.

अडून बसतं ते झेरॉक्स मशीन. आजचं एन्क्रिप्शन त्याला येत नाही. म्हणून पोस्टफिक्सच्या ‘मायनेटवर्क्स’ या सेटिंगच्या ओळीत घरातल्या यंत्रांच्या नेटवर्क पत्त्यांना विनापासवर्ड मुभा दिली आहे. फक्त घरातल्याच. तिथं हात सैल सुटला, तर जगभरातले स्पॅमवाले याच दारातून मेल पाठवू लागतील.

खरी गंमत उंबऱ्याबाहेर. घरच्या ब्रॉडबँडला बहुधा इंटरनेटवरचा स्वतःचा कायमचा (आयपी) पत्ता नसतो. अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसला, की समजायचं : बाहेरून आपल्यापर्यंत थेट वाट नाही. इथं तेच झालं. मग मुंबईत कायमच्या पत्त्याचा एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा एन्क्रिप्ट केलेला खासगी, बोगदा टाकला. डोमेनच्या एमएक्स नोंदीत, म्हणजे मेल कुठं द्यायची ते सांगणाऱ्या नोंदीत, नाव मुंबईच्या सर्व्हरचं.

“लाइट गेल्यावर मेल कुठं जायलेत गं?” वडिलांनी विचारलं होतं.

कुठंच नाही. मुंबईतल्या सर्व्हरच्या रांगेत थांबतात. मेल वाहणारा एसएमटीपी हा नियमसंच १९८२चा. पलीकडचं मशीन बंद असू शकतं, हे मेलच्या या व्यवहारात धरलेलंच असतं. तिथलं पोस्टफिक्स थोड्या थोड्या वेळानं पुन्हा दार ठोठावतं आणि सेटिंग बदललं नसेल, तर पाच दिवस हार मानत नाही. दोन-चार तासांच्या लोडशेडिंगनं इथली एकही मेल हरवायची नाही.

[दृश्य : स्क्रीनवर परत आलेली मेल.]

जावकीचं मात्र तसं नाही. पलीकडचे सर्व्हर आधी ओळखपत्रं तपासतात : पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो ते सांगणारी एसपीएफ, मेलवर सही करणारी डीकेआयएम. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं अशा ओळखपत्रांची मागणी आणखी कडक केली. ही सगळी बिनचूक असली, तरी भाड्याच्या पत्त्यावर आधीच्या भाडेकरूची बदनामी चिकटलेली असू शकते. शिवाय बऱ्याच सर्व्हर कंपन्या बाहेर जाणाऱ्या मेलचं दार, म्हणजे २५ क्रमांकाचा पोर्ट, बंदच ठेवतात.

बियाण्यांचं कोटेशन ऐन मृगात गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडणं या दुकानाला परवडणारं नाही. म्हणून जावक ५८७ पोर्टवरून एका पैसे घेऊन मेल पुढं पोचवणाऱ्या रिले सेवेकडे जाते. म्हणजे बाहेर जाणारी मेल त्या कंपनीला वाचता येऊ शकते. मुलीला हे अजून खुपतं. वडील म्हणतात, “भाव तर आपण पाटीवर लिहितोच की!”